आयव्हरमेक्टिन : गोठ्यातील बाटली आणि माणसाची गोळी

शेतकऱ्याच्या घरी औषधे बहुधा दोन जागी ठेवलेली असतात. माणसांची औषधे घरातील फळीवर किंवा कपाटात असतात व जनावरांची गोठ्याच्या कोनाड्यात. या दोन जागांतील अंतर पुष्कळदा वीस पावलांहून अधिक नसते. त्यातच काही औषधे अशी आहेत की, त्यांचे एकच नाव दोन्ही जागी वाचावयास मिळते. गोचीड, उवा आणि पोटातील जंत यांच्या नाशासाठी गाईबैलांना टोचावयाचे आयव्हरमेक्टिन आणि खरजेसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली आयव्हरमेक्टिनची गोळी, ही याची उत्तम उदाहरणे होत. अल्बेंडाझोलचीही तीच गोष्ट आहे.

साहजिकच शेतकरी विचारतो की, औषध जर एकच आहे, तर तालुक्याच्या गावी जाऊन दिवस मोडण्यापेक्षा गोठ्यातील बाटलीतले थोडे घेतले तर काय बिघडले? हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असे समजून कार्यकर्त्यांनी तो उडवून लावू नये. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर केवळ "तसे करू नये" एवढ्यावर संपत नाही. का करू नये, हे समजले म्हणजेच ते पाळले जाते. म्हणून या लेखात आयव्हरमेक्टिन हे औषध मुख्यतः घेतले असून ओघाने इतर एकदोन औषधांचाही विचार केला आहे.

औषधाचा उगम

या औषधाचा जन्म मातीत झाला, हे शेतकऱ्यांना जाणून घेण्यासारखे आहे. सन १९७० नंतरच्या काही वर्षांत जपानमधील किटासाटो संस्थेतील शास्त्रज्ञ सातोशी ओमुरा हे ठिकठिकाणची माती गोळा करून तीतील सूक्ष्म जीव वेगळे करीत असत. शिझुओका प्रांतातील इतो या गावाजवळच्या मातीत त्यांना एक जिवाणू सापडला. हा जिवाणू जे द्रव्य निर्माण करी, त्याने जनावरांच्या पोटातील जंत मरतात, असे अमेरिकेतील मर्क कंपनीत काम करणाऱ्या विल्यम कॅम्पबेल यांच्या प्रयोगांत दिसून आले. त्या द्रव्यात थोडा रासायनिक बदल करून आयव्हरमेक्टिन सिद्ध झाले. सन १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आले आणि १९८७ मध्ये माणसांसाठी वापरण्यास मान्यता मिळाली. आफ्रिकेत नदीकाठच्या काळ्या माशीमुळे पसरणारा व माणसाला आंधळे करणारा एक कृमिरोग आहे. त्यासाठी हे औषध १९८७ पासून विनामूल्य वाटले जाऊ लागले व लक्षावधी लोकांची दृष्टी वाचली. या कार्याबद्दल ओमुरा व कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे हे औषध आधी गोठ्यात आले व नंतर घरात आले, ही गोष्ट खरी आहे. परंतु या दोन घटनांमध्ये जी सहा वर्षे गेली, ती वाया गेली नव्हती. माणसाला किती मात्रा सोसते, कोणास ते देऊ नये, गोळीत कोणते पूरक पदार्थ असावेत, याचा अभ्यास त्या काळात झाला. गोठ्यातील बाटली सरळ तोंडाला लावणारा मनुष्य ही सहा वर्षे एका क्षणात पुसून टाकतो.

औषध काम कसे करते

जंत, गोचीड व खरजेचा किडा यांच्या मज्जातंतूंवर आणि स्नायूंवर सूक्ष्म दारे असतात. या दारांतून क्षाराचे कण आत जातात. आयव्हरमेक्टिन यांतील काही दारांना चिकटते व ती उघडीच ठेवते. त्यामुळे किड्याचे स्नायू लुळे पडतात. त्याला हालचाल करता येत नाही, खाता येत नाही व तो मरतो.

नेमकी या जातीची दारे माणसाच्या किंवा गाईच्या शरीरात नाहीत. तथापि त्यांच्याशी साम्य असलेली दारे मेंदूत आहेत. ती सुरक्षित राहतात ती एका पहारेकऱ्यामुळे. मेंदूकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक प्रथिन असते व ते आत शिरू पाहणारे औषध पुन्हा रक्तात लोटून देते. मात्रा योग्य असेल तर हा पहारेकरी आपले काम चोख बजावतो. मात्रा फार मोठी झाली म्हणजे तो अपुरा पडतो. औषध मेंदूत शिरले की झोकांड्या जाणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, गुंगी, झटके आणि शेवटी बेशुद्धी ही लक्षणे दिसू लागतात. मेंढ्या राखण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या कॉली जातीच्या अनेक कुत्र्यांत हा पहारेकरी जन्मतःच सदोष असतो. त्यामुळे इतर कुत्र्यांना सहज सोसणारी आयव्हरमेक्टिनची मोठी मात्रा या कुत्र्यांचा जीव घेऊ शकते. तेव्हा हे औषध माणसाला निरुपद्रवी आहे असे म्हणताना "योग्य मात्रेत" हे दोन शब्द कधीही गाळू नयेत.

मात्रेचे गणित

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गाईबैलांसाठी मिळणाऱ्या टोचावयाच्या औषधात आयव्हरमेक्टिन शेकडा १ या प्रमाणात असते. म्हणजे दर मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. जनावराच्या ५० किलो वजनास १ मिलिलिटर अशी मात्रा असून ती कातडीखाली टोचतात. हिशोब केल्यास हे प्रमाण दर किलो वजनास २०० मायक्रोग्रॅम एवढे पडते. माणसाला खरजेसाठी किंवा काही जंतांसाठी डॉक्टर जी गोळी देतात, तिचे प्रमाणही सामान्यतः दर किलोस २०० मायक्रोग्रॅम हेच आहे. साठ किलोच्या मनुष्यास १२ मिलिग्रॅम, तीस किलोच्या मुलास ६ मिलिग्रॅम.

एखादा चाणाक्ष शेतकरी येथे म्हणेल की, मग फरक राहिला कोठे? फरक राहिला तो मोजण्यात आणि द्रावात. अडीचशे किलोच्या गाईसाठी काढलेले ५ मिलिलिटर औषध म्हणजे ५० मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन होय. घरातील चहाच्या चमच्यातही साधारण तेवढेच मावते. पन्नास किलोच्या मनुष्याने असा एक चमचा घेतला, तर त्याच्या पोटात पाचपट मात्रा गेली. दहा किलोच्या मुलाला तो पाजला, तर वजनाच्या हिशोबाने पंचवीस पट मात्रा झाली. आणि इतक्या लहान मुलाला तर हे औषध एरवीही देत नाहीत. गाईच्या बाबतीत एका मिलिलिटरची चूक झाली तर फारसे बिघडत नाही, कारण तिचा देह मोठा. मुलाच्या बाबतीत तीच चूक घातक ठरते.

दुसरी गोष्ट द्रावाची. जनावरांच्या इंजेक्शनातील औषध पाण्यात विरघळलेले नसते. ते ज्या द्रावणात असते, ते गुराच्या कातडीखाली हळूहळू शोषले जावे अशा बेताने तयार केलेले असते. मनुष्याने ते पिऊन त्याच्या शरीरात औषध किती वेगाने व किती प्रमाणात उतरेल, याची कोणी परीक्षा केलेली नाही. पाठीवर ओतावयाचे औषध तर आणखीनच निराळ्या द्रावणात असते. गोठ्यातील अल्बेंडाझोलची मोठी गोळी पाहा. तीत १.५ ग्रॅम किंवा ३ ग्रॅम औषध असते. माणसाची गोळी ४०० मिलिग्रॅमची. म्हणजे जनावराची लहान गोळी जवळजवळ चार माणसांची व मोठी गोळी सात-आठ माणसांची ठरते. "अर्धी मोडून दिली" असे सांगणाऱ्याने कोणत्या गोळीची अर्धी मोडली, हे विचारले पाहिजे.

याच्या उलटही सांगावयास हवे. माणसाच्या गोळ्या चुरून शेळीला किंवा कुत्र्याला घालण्याची सवयही चांगली नाही. आणि दुधाळ जनावरास कोणतेही जंतनाशक देण्यापूर्वी दूध किती दिवस घरी वापरू नये व डेअरीत घालू नये, हे पशुवैद्यकास विचारून घ्यावे. कारण ते औषध दुधावाटे पुन्हा माणसाच्याच पोटात येते.

डॉक्टरांना काय सांगावे

चिठ्ठीवर औषध लिहिण्यास डॉक्टरांना दोन मिनिटे लागतात, परंतु त्या दोन मिनिटांत रोग्याने काही गोष्टी आपण होऊन सांगाव्या लागतात. गर्दीच्या दवाखान्यात प्रत्येक प्रश्न विचारला जाईलच असे नाही.

पहिली गोष्ट वजन. ते अंदाजाने सांगू नये. दवाखान्यातील काट्यावर उभे राहावे. पंधरा किलोंहून कमी वजनाच्या मुलांना आयव्हरमेक्टिन सामान्यतः देत नाहीत. दुसरी गोष्ट गर्भारपण. दिवस राहिले असल्याचा नुसता संशय असला तरी तो सांगावा. घरात सासू-सासरे सोबत असताना नव्या सुनेला हे बोलण्याचा संकोच वाटतो, हे ग्रामसेविकांना आणि आशा कार्यकर्तींना पुरते ठाऊक आहे. तेव्हा त्यांनीच तिला बाजूस घेऊन विचारावे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यातही आईला आयव्हरमेक्टिन देत नाहीत. तिसरी गोष्ट चालू असलेली इतर औषधे. विशेषतः हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी ते लपवू नये; नावे आठवत नसल्यास रिकामी पाकिटे सोबत न्यावीत. यकृताचा विकार, पूर्वी आलेले झटके, पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर उठलेले चट्टे, हेही सांगावे. मध्य आफ्रिकेतील देशांत राहून आलेल्या माणसाने तो प्रवासही सांगितला पाहिजे. तिकडे लोआ नावाचा एक कृमी आढळतो व तो रक्तात फार असताना आयव्हरमेक्टिन दिल्यास मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. आपल्याकडे हा कृमी नाही.

गोळी जेवणाआधी घ्यावी की नंतर, याबद्दल पुष्कळ घोटाळा होतो. याचे कारण असे की तेलातुपाच्या जेवणाबरोबर आयव्हरमेक्टिन रक्तात पुष्कळ अधिक प्रमाणात उतरते. उपाशीपोटी ते कमी उतरते. काही रोगांत डॉक्टरांना कमी हवे असते, काहींत अधिक. म्हणून शेजाऱ्याने कशी घेतली हे न पाहता आपल्या चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते पाहावे, व लिहिले नसल्यास विचारूनच घरी यावे. दारू पिऊन गोळी घेऊ नये. गोळी घेतल्यावर कोणाकोणाला चक्कर येते. असे झाल्यास त्या दिवशी ट्रॅक्टर चालविणे, विहिरीत उतरणे किंवा झाडावर चढणे टाळावे.

खरूज : दुसरी मात्रा का?

खरूज हा एका अतिसूक्ष्म किड्याचा रोग आहे. हा किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, कमरेभोवती व जननेंद्रियांवर पुरळ उठते आणि रात्री खाज फार सुटते. सामान्यतः आधी परमेथ्रिनचे शेकडा ५ प्रमाणाचे मलम मानेपासून तळपायापर्यंत लावण्यास देतात. काही वेळा त्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला आयव्हरमेक्टिनची गोळी देतात.

पहिल्या गोळीने किडे मरतात, अंडी मात्र मरत नाहीत. ती तीन-चार दिवसांत फुटतात व नवे किडे निघतात. या नव्या पिढीने पुन्हा अंडी घालण्यापूर्वी तिचा निकाल लागावा, म्हणून ७ ते १४ दिवसांनी दुसरी मात्रा देतात. शेतकऱ्यास हे समजावणे मुळीच अवघड नाही. पिकावरील किडीची अंडी एका फवारणीने मरत नाहीत व दुसरी फवारणी घ्यावी लागते, हे तो जाणतो. तरीही दुसऱ्या मात्रेच्या वेळी खाज कमी झालेली असते, पेरणीची घाई असते, आणि गोळी राहून जाते. महिन्याने सारे घर पुन्हा खाजवू लागते व "औषध नकली होते" असा निष्कर्ष निघतो.

याच्या उलट प्रकारही घडतो. किडे मेल्यावरदेखील दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, कारण मेलेल्या किड्यांचे अवशेष कातडीत असतात. अशा वेळी घाबरून दर दोन दिवसांनी गोळी घेणारे लोक आहेत. तसे करणे धोक्याचे आहे. खाज राहिल्यास डॉक्टरांना दाखवावे. ते खाजेवर निराळे औषध देतील. घरातील सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच दिवशी उपचार घेतले पाहिजेत. त्यासाठी प्रत्येकाची मात्रा डॉक्टरांनी वेगळी ठरवून दिलेली असावी. एका चिठ्ठीवरच्या गोळ्या सहा जणांत वाटून घेण्याने कोणालाच पुरेसे औषध मिळत नाही. अंथरूण-पांघरूण व अंगावरचे कपडे त्याच दिवशी कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावे, म्हणजे किडे उपासमारीने मरतात.

हत्तीरोगाच्या मोहिमेतील आठ गोळ्या

येथवर आपण चिठ्ठीवरच्या औषधाचा विचार केला. पूर्व विदर्भातील नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतील लोकांना आयव्हरमेक्टिनची ओळख निराळ्याच मार्गाने झाली आहे. हत्तीरोगाच्या निर्मूलनासाठी घरोघर जाऊन गोळ्या देण्यात येतात. पूर्वी डीईसी व अल्बेंडाझोल ही दोनच औषधे दिली जात. २०१९ च्या आरंभी नागपूर जिल्ह्यात तीन औषधांचा कार्यक्रम सुरू झाला. तिसरे औषध आयव्हरमेक्टिन.

हत्तीरोगाचे कृमी क्युलेक्स डासाच्या दंशाने शरीरात शिरतात व रसवाहिन्यांत कित्येक वर्षे राहतात. त्यांची सूक्ष्म पिले रात्री रक्तात फिरतात आणि डासावाटे दुसऱ्या माणसाकडे जातात. ज्याच्या रक्तात ती आहेत, त्याला पुष्कळदा काहीच होत नाही. पाय सुजतो किंवा अंडवृद्धी होते ती पुढे अनेक वर्षांनी, आणि सुजून जाड झालेला पाय गोळीने पूर्ववत होत नाही. "मला रोग नाही, मग गोळ्या कशाला?" असे विचारणाऱ्यास हेच उत्तर आहे. कोणाच्या रक्तात पिले आहेत हे डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून सर्वांनी गोळ्या घ्यावयाच्या.

लोक बिचकतात ते संख्येने. उंच, प्रौढ मनुष्याच्या हातावर एका वेळी आठ गोळ्या ठेवल्या जातात : डीईसीच्या तीन, अल्बेंडाझोलची एक, आणि आयव्हरमेक्टिनच्या ३ मिलिग्रॅमच्या चार. बारा मिलिग्रॅमची मात्रा लहान लहान गोळ्यांत विभागलेली असल्यामुळे संख्या मोठी दिसते. तसे केल्याने उंचीप्रमाणे कमीअधिक गोळ्या देता येतात. येथे वजनकाट्याऐवजी उंची मोजण्याची काठी वापरतात, कारण प्रत्येक दारी काटा नेणे शक्य नसते. नव्वद सेंटिमीटरपर्यंत उंची असलेल्यास आयव्हरमेक्टिन मुळीच नाही. त्यापुढे उंचीच्या टप्प्यांप्रमाणे एक, दोन, तीन व चार गोळ्या. डीईसी वयाप्रमाणे देतात. अल्बेंडाझोलची गोळी चावून खावयाची असते. दोन वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया व गंभीर आजारी माणसे यांना या मोहिमेत गोळ्या देत नाहीत, आणि पाच वर्षांखालील मुलांना आयव्हरमेक्टिन देत नाहीत.

कार्यकर्त्यांनी येथे दोन नियम कटाक्षाने पाळावेत. गोळ्या उपाशीपोटी देऊ नयेत. घरच्याने काही खाल्ले आहे का, हे विचारावे. आणि गोळ्या आपल्यासमोर गिळावयास लावाव्यात. शेतावर गेलेल्या माणसाच्या वाटच्या गोळ्या बायकोच्या हाती देऊन नोंदवहीत खूण करणे सोपे असते. पण त्या गोळ्या फळीवर पडून राहतात, मुलांच्या हाती लागतात, किंवा चार दिवसांनी कोणीतरी ताप आला म्हणून घेतो. त्यापेक्षा सायंकाळी पुन्हा एक फेरी घालणे बरे. हे सांगणे सोपे व करणे कष्टाचे आहे, याची आम्हांस जाणीव आहे. जेथे मोहीम फसते तेथे बहुधा ती याच ठिकाणी फसते.

गोळ्या घेतल्यावर पहिल्या एकदोन दिवसांत काहींना ताप, डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ, किंवा जांघेत दुखणे असा त्रास होतो. ज्यांच्या रक्तात कृमींची पिले अधिक, त्यांना हा त्रास अधिक. पिले मरत असल्याचे ते लक्षण असते. विश्रांती, पाणी व पॅरासिटामॉल यांनी तो दोन-तीन दिवसांत ओसरतो. ही गोष्ट आधीच सांगितलेली असेल, तर गावात ओरड होत नाही. न सांगता गोळ्या दिल्या व रात्री दहा घरांत ताप भरला, तर पुढच्या वर्षी दारे बंद होतात. मात्र श्वास लागणे, ओठ वा चेहरा सुजणे, अंगावर फोड येऊन कातडी सुटणे, झटके किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाल्यास ते मोहिमेतील नेहमीचे लक्षण समजू नये. रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

अल्बेंडाझोलविषयी थोडे

पोटातील जंतांसाठी मुलांना शाळेत व अंगणवाडीत दिली जाणारी गोळी ती हीच. राष्ट्रीय जंतनाशक दिनाचा कार्यक्रम फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाला. एक ते दोन वर्षांच्या मुलास अर्धी गोळी व त्यापुढील मुलांना पूर्ण गोळी देतात. लहान मुलांस गोळी चुरून पाण्याबरोबर द्यावी. रडणाऱ्या मुलाचे नाक दाबून ती घशात ढकलणे हा प्रकार अजून काही ठिकाणी दिसतो. गोळी श्वासनलिकेत अडकून मूल गुदमरते, म्हणून असे कधीही करू नये.

मोठ्या माणसांच्या बाबतीत एक धोका लक्षात ठेवण्यासारखा आहे. डुकरातील पट्टकृमीची अंडी दूषित पाण्यावाटे वा न धुतलेल्या भाजीवाटे पोटात गेली, तर त्यांच्या अळ्या मेंदूत जाऊन बसतात व माणसाला झटके येऊ लागतात. डुकराचे मांस कधीही न खाणाऱ्या माणसालाही हा रोग होतो. अशा रोग्यावर अल्बेंडाझोल हेच उपयोगी पडते, परंतु अळ्या मरताना मेंदूला सूज येते. म्हणून डॉक्टर त्याबरोबर सूज उतरविणारी व झटक्यांची औषधे देतात आणि रक्ताची तपासणीही करतात. पूर्वी झटके आलेल्या माणसाने दुकानातून जंताची गोळी घेऊन परस्पर गिळू नये, ते यासाठी.

अर्ध्यावर सोडलेली गोळी

हिवतापाची औषधेही याच वर्गातील. व्हायवॅक्स जातीच्या हिवतापात ताप तीन दिवसांत उतरतो, पण रोगाचे जंतू यकृतात दडून राहतात. त्यांच्यासाठी प्रिमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या ठेवून दिल्या, तर दोन-चार महिन्यांनी तोच ताप पुन्हा उलटतो. गर्भवतींना व तान्ह्या मुलांना प्रिमाक्विन देत नाहीत. काही लोकांच्या रक्तात जन्मतःच एका द्रव्याची उणीव असते व त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटतात. लघवी कोऱ्या चहासारखी काळसर दिसू लागली, डोळे पिवळे झाले किंवा फार थकवा आला, तर गोळी त्याच क्षणी बंद करून आरोग्य केंद्र गाठावे. औषध पुरे करावे हा नियम खरा, पण त्याला हा अपवाद आहे आणि तो प्रत्येक रोग्यास सांगितला पाहिजे.

२०२१ मधील अनुभव

करोनाच्या साथीत आयव्हरमेक्टिनचे नाव घरोघर पोहोचले. प्रयोगशाळेतील पेशींवर विषाणूविरुद्ध त्याचा परिणाम दिसला होता, परंतु तेथे वापरलेले प्रमाण माणसाच्या रक्तात सुरक्षितपणे आणता येणाऱ्या प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक होते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये, हे औषध करोनासाठी केवळ चाचण्यांतच वापरावे, असा सल्ला दिला. त्यानंतर मे २०२१ मध्ये गोव्यात अठरा वर्षांवरील सर्वांना ते देण्याची घोषणा झाली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मार्गदर्शनातून ते वगळण्यात आले, आणि पुढे झालेल्या मोठ्या चाचण्यांतही करोनाच्या रोग्यांना त्याचा अर्थपूर्ण लाभ दिसला नाही. त्याच वर्षी अमेरिकेत घोड्यांसाठी असलेले आयव्हरमेक्टिन खाऊन लोक रुग्णालयांत दाखल झाले, आणि तेथील अन्न व औषध प्रशासनास जनावरांचे औषध घेऊ नका असा जाहीर इशारा द्यावा लागला. शिकलेसवरलेले लोकही भीतीपोटी गोठ्यातील औषधाकडे वळतात, हे यावरून दिसते. त्या काळात घेऊन ठेवलेल्या गोळ्या अजून कोणाच्या घरी असतील, तर पाकिटावरची मुदत पाहावी; ती उलटून गेलेली असण्याचाच संभव अधिक.

चुकून जनावराचे औषध पोटात गेल्यास

मुलाने गोठ्यातील बाटली तोंडाला लावली, अथवा मोठ्या माणसाने जाणूनबुजून ती घेतली, तर लक्षणांची वाट पाहत बसू नये. सुरुवातीस काहीच दिसत नाही, किंवा नुसती मळमळ, उलटी व जुलाब होतात. गुंगी व झोकांड्या काही तासांनीही येऊ शकतात. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नये, कारण गुंगीत आलेली उलटी फुप्फुसात जाते. दूध, तूप, लिंबू यांतील कशानेही हे औषध उतरत नाही. माणूस गुंगीत असल्यास त्याला कुशीवर निजवावे व तोंडाने काहीही देऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येण्यास वेळ लागणार असल्यास मिळेल त्या वाहनाने जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे.

जाताना ती बाटली किंवा गोळीचे पाकीट बरोबर घेण्यास विसरू नये. औषधाचे नाव, त्याचे शेकडा प्रमाण आणि बाटलीत किती उरले आहे, यावरून किती पोटात गेले याचा अंदाज डॉक्टरांना बांधता येतो. आयव्हरमेक्टिनवर उतारा असे औषध नाही. श्वास, रक्तदाब व झटके सांभाळीत ते शरीरातून निघून जाईपर्यंत रोग्याला जपावे लागते, आणि त्यासाठी एकदोन दिवस रुग्णालयात राहावे लागते. घरी परत आल्यावर गोठ्यातील कोनाडा रिकामा करावा व जनावरांची सर्व औषधे मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंच जागी, कुलुपाच्या पेटीत ठेवावीत. उरलेले औषध सरबताच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवलेले असेल, तर ते तसेच न वापरता पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन द्यावे.